ग्रेट निकोबार प्रकल्प आणि शोंपेन जमात

ग्रेट निकोबार प्रकल्प हा भारताच्या अंदमान आणि निकोबार द्वीपसमूहातील ग्रेट निकोबार बेटावर उभारण्यात येणारा बंदर, विमानतळ, वीजप्रकल्प आणि नवे शहर यांचा एकत्रित विकासप्रकल्प आहे. 'ग्रेट निकोबार बेटाचा समग्र विकास' या नावाने तो २०२१ साली नीती आयोगाच्या पुढाकाराने मांडला गेला. त्याचा प्रारंभीचा अंदाजित खर्च सुमारे ७२,००० कोटी रुपये होता. या बेटाच्या अंतर्भागातील जंगलात शोंपेन ही शिकार व अन्नसंकलनावर जगणारी, बाह्य जगाशी अत्यल्प संपर्क असलेली जमात राहते. २०११ च्या जनगणनेनुसार तिची लोकसंख्या २२९ होती. प्रकल्पक्षेत्राचा मोठा भाग आदिवासी राखीव क्षेत्रात येत असल्याने शोंपेन आणि निकोबारी या दोन्ही जमातींच्या जमिनीचे, आरोग्याचे व संमतीचे प्रश्न या प्रकल्पाच्या निमित्ताने पुढे आले आहेत. ज्या समाजाशी संवाद साधण्याची पुरेशी व्यवस्थाच अस्तित्वात नाही, त्याची संमती कोणी आणि कशी द्यावी, हा या वादाचा गाभा आहे.

बेट आणि तेथील लोक

ग्रेट निकोबार हे निकोबार बेटांमधील सर्वांत मोठे आणि सर्वांत दक्षिणेकडील बेट आहे. भारताच्या भूमीचे दक्षिण टोक मानले जाणारे इंदिरा पॉइंट याच बेटावर आहे. राजधानी पोर्ट ब्लेअरपेक्षा (२०२४ पासून श्री विजयपुरम) इंडोनेशियातील सुमात्रा बेट येथून बरेच जवळ आहे. बेटाचा बहुतांश भाग सदाहरित वर्षावनाने व्यापलेला असून माउंट थुलियर (६४२ मीटर) हे येथील सर्वोच्च शिखर आहे. गॅलेथिया ही येथील प्रमुख नदी दक्षिणेला गॅलेथिया उपसागरात मिळते. १८४५ ते १८४७ या काळात जगप्रवास केलेल्या डॅनिश मोहिमेच्या 'गॅलेथिया' या जहाजावरून हे नाव पडले. कॅप्टन स्टीन बिले यांच्या नेतृत्वाखालील या मोहिमेने १८४६ साली शोंपेनांशी केलेली भेट ही त्यांच्याविषयीच्या सर्वांत जुन्या लिखित नोंदींपैकी एक आहे.

बेटावर १९८९ साली जीवावरण राखीव क्षेत्र घोषित झाले. त्यात कॅम्पबेल बे आणि गॅलेथिया ही दोन राष्ट्रीय उद्याने येतात. २०१३ साली युनेस्कोच्या 'मानव आणि जीवावरण' कार्यक्रमाच्या जागतिक जाळ्यात या क्षेत्राचा समावेश करण्यात आला. लेदरबॅक समुद्री कासव, निकोबारी मेगापोड पक्षी, खाऱ्या पाण्यातील मगर आणि लांब शेपटीचे निकोबारी माकड ही येथील महत्त्वाची प्राणिसृष्टी आहे.

शोंपेन

शोंपेन लहान लहान गटांनी नद्यांच्या खोऱ्यांत राहतात आणि ठरावीक परिसरात हंगामानुसार वस्ती हलवतात. प्रत्येक गटाचा वावराचा प्रदेश बहुधा ठरलेला असतो. केवड्याच्या कुळातील पँडनस या झाडाचे फळ हे त्यांचे मुख्य अन्न होय. त्याखेरीज रानडुकराची शिकार, मासेमारी, मध आणि कंदमुळे यांवर त्यांचा निर्वाह चालतो. झोपड्या जमिनीपासून उंचावर, खांबांवर बांधलेल्या असतात. मध, वेत, राळ अशा वनोपजाच्या मोबदल्यात निकोबारी लोकांकडून लोखंडी अवजारे व कापड घेण्याची त्यांची जुनी रीत आहे.

शोंपेन भाषा सामान्यतः ऑस्ट्रो-आशियाई भाषाकुळाच्या निकोबारी शाखेत गणली जाते. मात्र तिच्या वर्गीकरणाविषयी अभ्यासकांत मतभेद आहेत. ही भाषा जाणणारे बाहेरचे लोक अतिशय थोडे आहेत. वेगवेगळ्या गटांच्या बोलींतही फरक आढळतो.

शोंपेन पूर्णतः संपर्कविहीन नाहीत. काही गटांतील लोक कॅम्पबेल बे येथे अधूनमधून येतात, शासकीय शिधा स्वीकारतात आणि वैद्यकीय उपचार घेतात. २०२४ च्या लोकसभा निवडणुकीत शोंपेन समाजातील सात जणांनी प्रथमच मतदान केले. इतर गट मात्र बाहेरच्या माणसांपासून दूर राहणेच पसंत करतात. जंगलातील सर्व गटांपर्यंत प्रगणक पोहोचत नसल्याने जनगणनेचे आकडे अंदाजे मानले जातात. २००१ साली ही संख्या ३९८ नोंदवली गेली होती. केंद्र सरकारने शोंपेनांचा समावेश 'विशेषतः असुरक्षित आदिवासी गट' या वर्गात केला आहे.

निकोबारी आणि स्थायिक

निकोबारी समाज किनाऱ्यालगत राहणारा असून नारळाच्या बागा, डुक्करपालन आणि मासेमारी ही त्याची उपजीविकेची साधने आहेत. २६ डिसेंबर २००४ रोजीच्या भूकंप व त्सुनामीने बेटाच्या दक्षिण आणि पश्चिम किनाऱ्यावरील निकोबारी गावे उद्ध्वस्त केली. वाचलेल्या कुटुंबांना कॅम्पबेल बे परिसरातील राजीव नगर आणि न्यू चिंगेन्ह येथील वसाहतींमध्ये हलवण्यात आले. ही व्यवस्था तात्पुरती असल्याचे त्यांचे म्हणणे असून मूळ गावी परतण्याची मागणी ते सातत्याने करत आले आहेत.

१९६९ पासून पूर्व किनाऱ्यावर माजी सैनिकांच्या कुटुंबांना शेतजमिनी देऊन वसवण्यात आले. त्यांत पंजाब, केरळ, तमिळनाडू, आंध्र प्रदेश यांच्या जोडीने महाराष्ट्रातील कुटुंबेही होती. कॅम्पबेल बे, गोविंद नगर, लक्ष्मी नगर, विजय नगर ही गावे त्यातून उभी राहिली. २०११ साली बेटाची एकूण लोकसंख्या सुमारे ८,००० होती.

संरक्षणाची कायदेशीर चौकट

'अंदमान आणि निकोबार बेटे (मूळ जमातींचे संरक्षण) विनियम, १९५६' हा या द्वीपसमूहातील आदिवासींच्या संरक्षणाचा मूलभूत कायदा आहे. त्यानुसार प्रशासन एखादे क्षेत्र राखीव घोषित करू शकते. अशा क्षेत्रात परवान्याशिवाय बाहेरच्यांना प्रवेश मिळत नाही आणि तेथील जमीन बिगर-आदिवासींना देता येत नाही. ग्रेट निकोबारचा मोठा भाग १९५७ पासून आदिवासी राखीव क्षेत्र आहे. क्षेत्र राखीव करण्याचा आणि त्याच्या सीमा बदलण्याचा अधिकार मात्र एकाच यंत्रणेकडे, म्हणजे प्रशासनाकडे आहे. हे द्वीपसमूह राज्यघटनेच्या पाचव्या वा सहाव्या अनुसूचीत येत नाहीत. येथे विधानसभाही नाही.

'अनुसूचित जमाती आणि इतर पारंपरिक वननिवासी (वनहक्कांची मान्यता) अधिनियम, २००६' हा दुसरा महत्त्वाचा कायदा होय. सामूहिक वनहक्क निश्चित करणे आणि वनजमीन अन्य कामासाठी वळवण्यापूर्वी ग्रामसभेची संमती घेणे या दोन गोष्टी त्यामुळे महत्त्वाच्या ठरल्या. या कायद्यात आदिम जमातींच्या अधिवास-हक्कांची स्वतंत्र तरतूद आहे.

२०१५ साली प्रशासनाने शोंपेन जमातीसाठी स्वतंत्र धोरण अधिसूचित केले. बेटावर व्यापार किंवा कंटेनर बंदरासारखे मोठे विकासप्रस्ताव भविष्यात आल्यास शोंपेन समाजाचे कल्याण आणि अखंडत्व यांना प्राधान्य द्यावे, तसेच अशा प्रस्तावांचा आदिवासी कार्य मंत्रालयाशी विचारविनिमय करून आढावा घ्यावा, असे या धोरणात म्हटले आहे. म्हणजेच अशा प्रकल्पाची शक्यता धोरणकर्त्यांनी आधीच गृहीत धरली होती.

प्रकल्पाचे स्वरूप

प्रकल्पाची अंमलबजावणी अंदमान आणि निकोबार द्वीपसमूह एकात्मिक विकास महामंडळाकडे सोपवण्यात आली आहे. त्याचे चार प्रमुख घटक असे :

• गॅलेथिया उपसागरातील आंतरराष्ट्रीय कंटेनर ट्रान्सशिपमेंट बंदर. त्याची अंतिम क्षमता वर्षाला १.४२ कोटी कंटेनर (२० फुटी एकक) इतकी नियोजित आहे.
• नागरी व लष्करी वापराचा आंतरराष्ट्रीय विमानतळ. गर्दीच्या वेळी तासाला ४,००० प्रवासी हाताळण्याची त्याची क्षमता असेल.
• वायू आणि सौर ऊर्जेवर चालणारा ४५० एमव्हीए क्षमतेचा वीजप्रकल्प.
• नवे शहर.

एकूण प्रकल्पक्षेत्र १६६.१० चौ. किमी असून त्यातील १३०.७५ चौ. किमी वनजमीन आहे. प्रकल्पात आदिवासी राखीव क्षेत्रातील सुमारे ८४ चौ. किमी जमीन येते. तोडल्या जाणाऱ्या झाडांची संख्या सरकारी अंदाजांनुसार आधी ८.५ लाख आणि नंतर ९.६४ लाख सांगण्यात आली. बदली वनीकरण हरियाणात करण्याचे ठरले. तीस वर्षांत बेटाची लोकसंख्या सुमारे साडेतीन लाखांपर्यंत जाईल, असे नियोजनात गृहीत धरले आहे. ही संख्या २०११ च्या लोकसंख्येच्या चाळीस पटींहून अधिक आहे.

प्रकल्पाचे समर्थन आर्थिक आणि सामरिक अशा दोन्ही कारणांनी केले जाते. गॅलेथिया उपसागर मलाक्का सामुद्रधुनीकडे जाणाऱ्या जहाजमार्गापासून सुमारे ४० सागरी मैलांवर आहे. भारताच्या ट्रान्सशिपमेंट मालापैकी जवळपास ७५ टक्के माल सध्या कोलंबो, सिंगापूर, क्लांग यांसारख्या परदेशी बंदरांतून हाताळला जातो. हे काम देशात आणणे आणि हिंदी महासागराच्या पूर्व भागात भारताची उपस्थिती बळकट करणे, ही उद्दिष्टे सांगितली जातात. कॅम्पबेल बे येथे भारतीय नौदलाचा 'आयएनएस बाझ' हा हवाई तळ २०१२ पासून कार्यरत आहे.

मंजुरीची प्रक्रिया

जानेवारी २०२१ मध्ये गॅलेथिया उपसागर वन्यजीव अभयारण्याचा दर्जा काढून घेण्यात आला. लेदरबॅक कासवांच्या विणीसाठी हे अभयारण्य १९९७ साली घोषित झाले होते. त्यानंतर काही आठवड्यांतच प्रसिद्ध झालेल्या राष्ट्रीय सागरी कासव कृती आराखड्यात याच किनाऱ्याचा उल्लेख महत्त्वाचे विणीचे ठिकाण म्हणून होता. ऑक्टोबर २०२२ मध्ये वनजमीन वळवण्यास पहिल्या टप्प्याची तत्त्वतः मंजुरी आणि नोव्हेंबर २०२२ मध्ये पर्यावरण मंजुरी देण्यात आली. पर्यावरण मंजुरीच्या अटींनुसार प्रदूषण, जैवविविधता आणि आदिवासी कल्याण यांवर देखरेख करण्यासाठी तीन स्वतंत्र समित्या नेमायच्या आहेत.

संमतीचा प्रश्न

ऑगस्ट २०२२ मध्ये लिटल व ग्रेट निकोबार आदिवासी परिषदेने राखीव क्षेत्राचा काही भाग वगळण्यास ना-हरकत पत्र दिले. नोव्हेंबर २०२२ मध्ये परिषदेने ते मागे घेतले. वगळल्या जाणाऱ्या क्षेत्रात त्सुनामीपूर्व निकोबारी गावांची जमीन येते, हे पत्रावर सही घेताना आपल्याला सांगितले गेले नव्हते, असे परिषदेने कळवले. मंजुरीची प्रक्रिया त्यानंतरही पुढे चालू राहिली.

वनहक्क कायद्यानुसार हक्कांची निश्चिती झाल्याचे प्रमाणपत्र प्रशासनाने ऑगस्ट २०२२ मध्ये दिले. त्याच महिन्यात स्थायिकांच्या पंचायतींच्या क्षेत्रांत विशेष ग्रामसभा घेण्यात आली. १९५६ चा विनियम आदिवासींना पुरेसे संरक्षण देत असल्याने बेटांवर वनहक्क कायदा वेगळा राबवण्याची गरज नाही, अशी प्रशासनाची पूर्वीपासूनची भूमिका होती. टीकाकारांनी यातील विसंगतीवर बोट ठेवले आहे. हक्क मागण्याची प्रक्रियाच सुरू झाली नसेल, तर ते हक्क निश्चित झाले असे म्हणता येत नाही, असा त्यांचा युक्तिवाद आहे.

शोंपेनांच्या बाबतीत अडचण आणखी मूलभूत आहे. त्यांची ग्रामसभा नाही, लिखित व्यवहार नाही आणि गटागटांच्या वतीने बोलणारा एक प्रमुखही नाही. १९७६ साली स्थापन झालेली 'अंदमान आदिम जनजाती विकास समिती' ही संस्था त्यांच्या कल्याणाचे काम पाहते. ही संस्था प्रशासनाचाच भाग आहे. त्यामुळे प्रकल्पाचा प्रस्तावक, राखीव क्षेत्राचा रक्षक आणि जमातीचा प्रतिनिधी या तिन्ही भूमिका अखेर एकाच शासनव्यवस्थेकडे येतात. बंदर, शहर किंवा लाखोंची लोकवस्ती या संकल्पना शोंपेन भाषेत समजावून सांगणे आणि त्यावरचा नकारही नोंदवता येईल अशी व्यवस्था करणे, या गोष्टींशिवाय 'माहितीपूर्ण संमती' हा शब्दप्रयोग निरर्थक ठरतो, असे मानववंशशास्त्रज्ञांचे म्हणणे आहे.

संभाव्य परिणाम

रोगराई : दीर्घकाळ अलग राहिलेल्या लहान समाजांत गोवर, इन्फ्लुएन्झा, कांजिण्या यांसारख्या रोगांविरुद्ध प्रतिकारशक्ती कमी असते. दोन-तीनशे लोकांच्या समाजात एका साथीत काही डझन माणसे दगावली तरी शिकार, अन्नसंकलन आणि मुलांचे संगोपन यांची घडी मोडू शकते. या कारणाने अलग जमातींच्या बाबतीत जमिनीचे संरक्षण हे आरोग्यरक्षणाचे पहिले साधन मानले जाते.

अन्न आणि वावर : प्रकल्पक्षेत्राच्या आत शोंपेनांच्या कायम वस्त्या फारशा नसल्या, तरी शिकारीच्या वाटा, पँडनसची झाडे आणि नदीकाठ ही त्यांच्या जगण्याची साधने त्या क्षेत्रात येतात, असा आक्षेप आहे. वस्ती हलवत राहणाऱ्या समाजासाठी रिकामी दिसणारी जमीनही वापरातील जमीन असते.

भूकंपाचा धोका : बेट भूकंपप्रवणतेच्या सर्वोच्च श्रेणीत येते. २००४ च्या भूकंपात बेटाचा दक्षिण किनारा चार मीटरहून अधिक खचला आणि इंदिरा पॉइंटच्या दीपगृहाचा पाया समुद्रात गेला. तेव्हा किनाऱ्यावरील निकोबारी गावांच्या तुलनेत जंगलाच्या आत राहणाऱ्या शोंपेनांची हानी कमी झाली.

अंदमानातील पूर्वानुभव

प्रकल्पाविषयीची भीती मुख्यतः याच द्वीपसमूहाच्या इतिहासातून आली आहे. १८५८ साली पोर्ट ब्लेअर येथे कैद्यांची वसाहत स्थापन झाली, तेव्हा ग्रेट अंदमानी जमातींची लोकसंख्या काही हजार असल्याचा अंदाज आहे. उपदंश आणि १८७७ ची गोवराची साथ यांनी त्यांचा मोठ्या प्रमाणावर बळी घेतला. १९६१ च्या जनगणनेत केवळ १९ ग्रेट अंदमानी उरले होते.

लिटल अंदमान बेटावरील ओंगे जमातीची संख्या १९०१ मध्ये ६७२ होती. २०११ मध्ये ती १०१ होती. १९५७ साली हे बेट राखीव घोषित झाले होते. १९७० च्या दशकात वसाहत आणि वृक्षतोडीसाठी त्यातील मोठा भाग वगळण्यात आला. राखीव क्षेत्र अधिसूचनेने जसे निर्माण होते तसेच अधिसूचनेने कमीही होते, याचे हे द्वीपसमूहातील जुने उदाहरण आहे.

जारवा जमातीच्या जंगलातून गेलेल्या अंदमान ट्रंक रोडमुळे पर्यटक, वाहने आणि शिकारचोर यांचा शिरकाव झाला. १९९९ मध्ये जारवांमध्ये गोवराची साथ आली. 'सोसायटी फॉर अंदमान अँड निकोबार इकॉलॉजी', पुण्याची 'कल्पवृक्ष' आणि मुंबईची 'बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटी' या संस्थांनी बेटांवरील जंगले आणि आदिवासींसाठी सर्वोच्च न्यायालयात याचिका केली. न्यायालयाने मे २००२ मध्ये जारवा क्षेत्रातील रस्त्याचे भाग बंद करण्याचा आदेश दिला. त्यानंतरही हा रस्ता वाहतुकीस बंद झाला नाही. उत्तर सेंटिनेल बेटावरील सेंटिनेली जमातीच्या बाबतीत मात्र दुरून लक्ष ठेवून संपर्क टाळण्याचे धोरण पाळले जाते.

शासनाची भूमिका

शोंपेनांचे विस्थापन होणार नाही, असे केंद्र सरकारने वारंवार स्पष्ट केले आहे. सरकारच्या म्हणण्यानुसार राखीव क्षेत्रातून ७३.०७ चौ. किमी जमीन वगळताना ७६.९८ चौ. किमी जमीन नव्याने राखीव केली जाईल. त्यामुळे राखीव क्षेत्रात एकूण ३.९१ चौ. किमीची भरच पडेल. आदिवासी कल्याणासाठी स्वतंत्र तरतूद, बाहेरच्यांच्या प्रवेशावर नियंत्रण आणि मानववंशशास्त्रीय संस्थांचा सल्ला यांचाही उल्लेख केला जातो. क्षेत्रफळाची बेरीज जुळली तरी एका खोऱ्यातील जंगलाची जागा दुसरीकडील जमीन घेऊ शकत नाही, असे यावर विरोधकांचे उत्तर आहे.

विरोध आणि न्यायालयीन घडामोडी

एप्रिल २०२३ मध्ये राष्ट्रीय हरित लवादाने मंजुऱ्या रद्द करण्यास नकार दिला. काही मुद्द्यांच्या फेरतपासणीसाठी त्याने पर्यावरण सचिवांच्या अध्यक्षतेखाली उच्चाधिकार समिती नेमली. समितीचा अहवाल गोपनीय ठेवण्यात आला. त्याच महिन्यात राष्ट्रीय अनुसूचित जमाती आयोगाने प्रशासनाकडे खुलासा मागितला. आदिवासी कार्य मंत्रालयाच्या माजी सचिव मीना गुप्ता यांनी वनहक्क कायद्याच्या उल्लंघनाचा मुद्दा कलकत्ता उच्च न्यायालयात नेला.

फेब्रुवारी २०२४ मध्ये १३ देशांतील ३९ वंशसंहार-अभ्यासकांनी राष्ट्रपती द्रौपदी मुर्मू यांना पत्र लिहून हा प्रकल्प शोंपेनांसाठी मृत्युदंड ठरेल, असा इशारा दिला. माजी सनदी अधिकाऱ्यांचा गट आणि 'सर्व्हायव्हल इंटरनॅशनल' ही संस्था यांनीही विरोध नोंदवला. पुण्याच्या 'कल्पवृक्ष' संस्थेशी दीर्घकाळ संबंधित असलेले अभ्यासक पंकज सेखसरिया यांनी या विषयावर सातत्याने लेखन केले असून 'द ग्रेट निकोबार बिट्रेयल' (२०२४) हा लेखसंग्रह संपादित केला आहे.

इतर उदाहरणांशी तुलना

ओडिशातील नियमगिरी डोंगरावरील बॉक्साइट खाणीच्या प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने एप्रिल २०१३ मध्ये हा प्रश्न ग्रामसभांपुढे ठेवण्याचा आदेश दिला. डोंगरिया कोंध आणि इतर रहिवाशांच्या बाराही ग्रामसभांनी खाण नाकारली. नकार देण्यासाठी तेथे भाषा, सभा आणि मतनोंदणीची सोय होती. शोंपेनांच्या बाबतीत यांपैकी काहीच उपलब्ध नाही.

अशा समाजांसाठी दक्षिण अमेरिकेत वेगळा मार्ग पुढे आला आहे. ब्राझीलने १९८७ साली अलग जमातींशी संपर्क न करण्याचे धोरण स्वीकारले. तेलक्षेत्रालगत राहणाऱ्या तागाएरी व तारोमेनाने या जमातींच्या खटल्यात आंतर-अमेरिकी मानवाधिकार न्यायालयाने इक्वाडोर सरकारला जबाबदार धरले. हा निकाल २०२५ मध्ये जाहीर झाला. संपर्क टाळणे हीच त्या समाजाची निवड समजावी आणि धोक्याबाबत शंका असल्यास खबरदारीचा मार्ग धरावा, हे तत्त्व त्यामागे आहे. भारताने २००७ साली ज्याच्या बाजूने मतदान केले, त्या संयुक्त राष्ट्रांच्या मूलनिवासी हक्क जाहीरनाम्यातही मुक्त, पूर्व आणि माहितीपूर्ण संमतीशिवाय मूलनिवासींना त्यांच्या भूमीवरून हलवू नये, असे म्हटले आहे.

हेही पहा

• शोंपेन लोक
• निकोबारी लोक
• जारवा
• सेंटिनेली
• अंदमान ट्रंक रोड
• वनहक्क कायदा, २००६
• नियमगिरी